आप्पांचं दीड मिनिट

उत्रोलीच्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीत आप्पांची कॉट आहे. कॉटच्या पायथ्याशी, त्यांचा डावा पाय पोचेल अशा बेताने, लाकडी पाटावर गिटारचा इफेक्ट्स प्रोसेसर, म्हणजे आवाज बदलणारं मशीन, ठेवलेला आहे. येणारा-जाणारा विचारतो, गिटार कोण वाजवतं? कोणीच नाही. आमच्या घरात गिटार कधी आलीच नाही. माझे वडील, म्हणजे आप्पा, बेंजो वाजवायचे. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या, असं ते वाद्य. आमच्याकडच्या बेंजो पार्ट्या त्याची वायर गिटारच्या मशीनमध्ये घालतात. मग त्या फळीतून सनई निघते, बासरी निघते, आणि हळदीला आलेल्या बायका पदर खोचून नाचायला उभ्या राहतात.

आप्पांनी आयुष्याची पंचवीस-तीस वर्षं टेम्पोच्या हौद्यात उभं राहून काढली. वेल्ह्याच्या खोऱ्यात असं गाव नसेल, जिथे त्यांनी हळद वाजवली नाही. दिवसा शेतात भात, संध्याकाळी पार्टी. त्या मशीनवरची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता यायची नाहीत. कोणता दिवा लागला की कोणता आवाज, हे त्यांनी कानाने पाठ केलं होतं. मी भोरच्या एका कचेरीत कारकून. घरातला शिकलेला, कॉम्प्युटर कळणारा माणूस. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्या शिकलेपणानेच झालं.

गेल्या वर्षी आप्पांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बरोबर जीभही जड झाली. एखादा शब्द निघतो, तोही वाट बघायला लावून. बेंजो भिंतीवर गेला. पण मशीनमध्ये त्यांचं एक वाजवणं राहून गेलं होतं. त्या मशीनला एक पेडल आहे. ते दाबून वाजवलं की ते भरून घेतं आणि पुन्हा दाबलं की तेच परत परत ऐकवतं. त्याला लूप म्हणतात. आजारी पडण्याच्या चार दिवस आधी वाजवून बघताना आप्पांनी हळदीच्या चालीची सुरुवात त्यात भरली होती. दीड मिनिट. संथ, एकटी, ढोलकीशिवाय. मधे एक ढिलं बटण खटखटतं, तेही तारांतून त्यात आलंय.

दवाखान्यातून घरी आल्यावर ते कशातच लक्ष घालेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. एक दिवस मी सहज मशीन चालू करून त्यांच्या डाव्या पायाखाली सरकवलं. त्यांनी पेडल दाबलं. स्वतःचं वाजवणं ऐकून ते रडले, आणि मग पुन्हा दाबलं. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तेच. चाल सुरू झाली की त्यांची डाव्या हाताची बोटं कॉटच्या कडेवर बटणं दाबायची. एकही चुकायचं नाही. उजवा हात छातीवर मेल्यासारखा पडलेला असायचा. मला ते बघवायचं नाही, पण त्यातच त्यांचा जीव होता हे मला कळत होतं.

दिवाळीनंतर पेडल अडकायला लागलं. एकदा दाबलं तर दोनदा लागायचं. मशीन बंद पडलं तर ते दीड मिनिटही जाईल. मी ठरवलं, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडायचं आणि लूप बाहेर काढून चार ठिकाणी जपून ठेवायचा.

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "एवढं कशाला? ते वाजतंय तवा मोबाईलवर घे की भरून. म्या धरते हवं तर मोबाईल."

मी हसलो. हसलो म्हणजे चांगलाच हसलो. म्हणालो, "आई, त्यात पंख्याचा आवाज येईल, तुझ्या कोंबड्या येतील, कुकरची शिट्टी येईल. आप्पांचं वाजवणं असं भरतात का? ओरिजिनल काढायचं असतं." ती चुलीतलं लाकूड पुढे सारू लागली. शिकलेल्या माणसाशी आमच्याकडे बायका वाद घालत नाहीत.

मी लॅपटॉप आणला, वायर जोडली. काही नाही. लॅपटॉपला मशीन दिसेचना. वायर बदलली. शेजाऱ्याच्या प्रिंटरची वायर मागून आणली. ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला. भोरला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात मशीन पिशवीतून नेलं आणि तिथल्या तीन कॉम्प्युटरांना लावून बघितलं. रांगेतले लोक सातबारा हातात घेऊन माझ्याकडे बघत होते. वायर हलवली की क्षणभर टुंग व्हायचं आणि लगेच तुटायचं. म्हणजे दोष पोर्टातच होता. वायर घालायचं ते मागचं चौकोनी भोक मी स्पिरिटने आणि जुन्या टूथब्रशने पुसलं. ब्रशला पिवळट काहीतरी लागलं.

हळद! मी घरी येऊन आईवर तोंड सोडलं. खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, विळे, कोयते यांच्याबरोबर बेंजो आणि मशीनही पुजायला मांडतात. हळद-कुंकू आईच लावते. "ओल्या हाताने लावलंस, आत गेलं. विजेच्या वस्तूंना कुणी हळद लावतं का?" मी बरंच बोललो. ती म्हणाली, "म्या वरच्या वर लावली रं. मागं न्हाई लावली." मी तेही मान्य केलं नाही. आप्पा कॉटवरून माझ्याकडे बघत होते. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण शब्द येईना आणि थांबायला मला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी भोरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने भिंगाचा दिवा ओढून त्या भोकात बघितलं, चिमटा घातला आणि वाळलेल्या, दोऱ्यासारख्या काड्या एकेक करून काचेवर काढून ठेवल्या.

"हे देठ हाय," तो म्हणाला. "झेंडूचं. आतली पट्टी मोडलीय बगा. कुनीतरी दाबून बसवलंय. पोर्टच नवा टाकावा लागंल. म्या न्हाई हात लावत, पुन्याला न्या."

काचेवरच्या त्या काड्या बघितल्या आणि मला सगळं आठवलं. खंडेनवमीच्या सकाळी आप्पांना आम्ही खुर्चीत बसवलं होतं. मशीनचा वरचा भाग उतरता आहे. त्यावर ठेवलेलं फूल घसरून खाली पडायचं. आप्पा डाव्या हाताने पुन्हा ठेवायचे, पुन्हा पडायचं. ते चिडून "हं, हं" करायला लागले. मी मशीन फिरवलं. मागे ते चौकोनी भोक दिसलं. लांब देठाचं फूल निवडलं आणि दाबून, नीट, हलणार नाही असं खोचलं. फूल ताठ उभं राहिलं. आप्पा अर्ध्या तोंडाने हसले. आई म्हणाली, "डोकं चाललं गं बाई ह्याचं." दुसऱ्या दिवशी मी फूल उपटलं तेव्हा ते झटकन हातात आलं. देठ आत राहिलंय, हे मी बघितलंच नाही.

आईची माफी मागायला हवी होती. मी घरी जाऊन एवढंच म्हणालो, की कचरा अडकला होता.

पुण्यात वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचा पत्ता मिळाला. मशीन चादरीत गुंडाळून एसटीने घेऊन गेलो. माणूस शांत, कामाचा वाटला. मी त्याला दोनदा सांगितलं, आतलं वाजवणं महत्त्वाचं आहे. खोक्यावर चिठ्ठीही चिकटवली: "आतील डेटा पुसू नये." त्याने एक छापील कागद पुढे केला, मी सही केली. रोज कचेरीत मी लोकांवर खेकसतो, वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून. स्वतः मात्र एक ओळ वाचली नाही. शेवटची एसटी चुकेल म्हणून गडबडीत होतो.

मशीन तीन आठवडे तिकडे राहिलं. पाट तसाच होता. आप्पा सकाळी डावा पाय त्या रिकाम्या पाटावर ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "येतंय आप्पा, नवंकोरं होऊन येतंय." ते मान हलवायचे. वाट बघायचं एक काम तरी त्यांना मिळालं, असं मला वाटायचं.

मशीन आणायला गेलो तर ते खरंच नवं दिसत होतं. पोर्ट चकचकीत, पेडलही सुधारलेलं. त्या माणसाने वायर लावून दाखवली. लॅपटॉपने लगेच ओळखलं. मी आतली यादी उघडली. लूपच्या जागी काही नव्हतं.

"पोर्ट बदलल्यावरही कॉम्प्युटर ओळखत नव्हता," तो म्हणाला. "आतलं सॉफ्टवेअर नव्याने टाकावं लागलं. त्यात सगळं पुसलं जातं. कागदावर लिहिलंय तसं." मग माझं तोंड बघून जरा हळू आवाजात म्हणाला, "आवाज बाहेर येत होता ना? स्पीकरची वायर लावून साधं भरून घ्यायचं होतं आधी. अगदी मोबाईलवर घेतलं असतं तरी चाललं असतं."

मी त्याच्याशी भांडलो नाही. काय भांडणार? आईने चुलीपाशी बसून जे सांगितलं होतं, तेच हा पुण्यातल्या दुकानात बसून सांगत होता. एसटीत मशीन मांडीवर घेऊन बसलो. सारोळ्याचा पूल आला तेव्हा मनात आलं, हे धूड नीरेत टाकावं आणि हरवलं म्हणून सांगावं. तेवढीही हिंमत झाली नाही.

घरी आलो तर आप्पा उशीला टेकून बसलेच होते. आईने त्यांना धुतलेला सदरा घातला होता. मी मशीन पाटावर ठेवलं, पिन लावली, स्पीकर जोडला. सांगायचं ठरवलं होतं. वाक्यही जुळवलं होतं. पण त्याआधीच त्यांनी डावा पाय उचलला.

त्यांनी पेडल दाबलं. लाल दिवा लागला. लूप रिकामा असला की ते मशीन वाजवत नाही, भरून घ्यायला लागतं. खोलीत काहीच वाजलं नाही. आप्पांची बोटं कॉटच्या कडेवर तयार होती. त्यांनी थोडं थांबून पुन्हा दाबलं. दिवा हिरवा झाला आणि मशीन नुकतीच भरलेली शांतता वाजवू लागलं. त्यांनी पुन्हा दाबलं, टाचेने दाबलं, चवड्याने दाबलं. मग पायाकडे बघितलं. मशीनकडे नाही, पायाकडे.

"पाय..." ते म्हणाले. बराच वेळ पुढचं येईना. "पाय बी... गेला?"

आई दारात उभी होती. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "न्हाई आप्पा, गेला न्हाई. जरा हळू पडतोय. तीन आठवडे सवय न्हवती ना. व्हईल."

ते मला त्याच क्षणी बदलता आलं असतं. नाही बदललं. मी भित्रा माणूस आहे, हे त्या दिवशी मला कळलं, आणि अजून त्यात काही फरक पडलेला नाही.

आता ते रोज सकाळी सराव करतात. पेडल दाबतात, थांबतात, कान देतात, पुन्हा दाबतात. बोटं आता कॉटच्या कडेवर येत नाहीत. आणि संध्याकाळी आई तेल कोमट करून आणते आणि त्या धडधाकट पायाला लावत बसते.