मामांचा पालथा हात

टाकवे बुद्रुकमध्ये ज्याच्या कपाळाला माझ्या मामेसासऱ्यांचा पालथा हात लागलेला नाही, असा मोठा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर मामांना येताना बघून पळालेला असतो. "ल्हान पोरांचा ताप त्यांची आई बघंल. मोट्या मानसाचा ताप बघाया अक्कल लागती," असं ते म्हणत, आणि ती अक्कल पंचक्रोशीत एकाच हाताला आहे याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. लग्नाच्या बोलणीसाठी मी तुंगार्लीहून गेलो तेव्हा बाकीचे माझी नोकरी विचारत होते. मामांनी आधी कपाळ चाचपलं आणि "नव्व्याण्णव. पोरगं घाबारलंय, पन चालंल," असा निकाल दिला. पुढे मी त्यांना सेलवर चालणारा थर्मामीटर भेट दिला. "जावईबापू, सेल संपला की ताप उतारला म्हनायचं का?" एवढं विचारून त्यांनी तो कोनाड्यात टाकला.

भाताच्या लावणीत तर त्यांच्या विद्येला ऊत यायचा. दिवसभर खाचरातल्या गार चिखलात घातलेला हात कुणाच्याही कपाळाला लावला, तर ते तापलेलंच लागणार. हे मी त्यांना दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा मलाच ताप निघाला. एका वर्षी त्यांनी लावणीच्या सहा धडधाकट बायकांना तापकरी ठरवून, अडुळशाचा काढा पाजून घरी धाडलं. उरलेलं खाचर मामींनी एकटीनं लावलं. त्यांची कंबर किती दुखली हे मात्र मामांच्या हाताला कधी कळलं नाही.

गेल्या वर्षी लावणी उरकली आणि मामी आडव्या झाल्या. मामा दोन दिवस त्यांच्या कपाळाला हात लावून "काय न्हाई, दमलीया" म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर मामी भिंतीशी बोलत होत्या. मी कोनाड्यातला थर्मामीटर काढून लावला, एकशे चार. मामांचेही डोळे लाल दिसले म्हणून त्यांच्या काखेत खुपसला, तर एकशे तीन. तापलेल्या हाताला तापलेलं कपाळ गारच लागलं होतं. मला भयंकर राग आला. "अजून एक दिवस गेला असता तर मामी हाती लागल्या नसत्या," असं मी तोंडावर बोललो. दोघांना एकाच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, शेजारशेजारच्या खाटांवर सलाइन लागलं, आणि मामी वाचल्या.

त्यानंतर मामांनी कुणाच्या कपाळाला हात लावला नाही. मागच्या महिन्यात मी तापानं पडलो, तेव्हा दोघं भेटायला आले. मामांनी सदऱ्याच्या खिशातून तोच थर्मामीटर काढून मला दिला आणि तो वाजेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिले. मला ते बघवेना.

"मामा, हात लावून सांगा की."

"नगं. खोटं बोलतो त्यो हात."

मामींनी मामांचा हात मांडीखालून ओढून काढला आणि स्वतःच्या कपाळावर ठेवला.

"बगा, मला हाय का."

मामांनी बराच वेळ हात काढला नाही. "गार हाय," ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता दुसरा हात पुढे केला. "जावईबापू, ती कांडी जरा हिकडं द्या."

मी थर्मामीटर पुसून त्यांच्या हातात दिला.