शाळेतला समुद्र

तेरणेला पाणी असेस्तोवर आमची चूल पेटायची. फाल्गुन सरला की नदीची धार तुटायची, डोहांची डबकी व्हायची आणि तेरमधली आम्हा भोयांची घरं एकाच डबक्यावर टपून बसायची. वडील कमरेएवढ्या गाळात उभे राहून जाळं ओढायचे. निघालेली मरळ आई पाटीत घालून घरोघर हिंडायची. बदल्यात पसाभर ज्वारी मिळायची, कधी शिळी भाकर. "कालची मासळी वास मारत होती" म्हणून कालची ज्वारी परत मागणारी माणसंही मी पाहिली आहेत. मासळी मात्र त्यांनी खाऊन संपवलेली असायची. निजामाच्या वेळी डोह जहागीरदाराचे होते. निजाम गेला, आपलं राज्य आलं, तर डोहांचा लिलाव व्हायला लागला. लिलाव घेणारे दुसरेच. गाळात उभे राहायला आम्ही होतोच.

वडलांनी मला नदीपासून तोडलं ते रागानं. "तू पान्यात पाय घालायचा न्हाय. पाय भिजलेला दिसला तर तंगडं मोडीन," असं ते म्हणायचे. माझी सुरुवातीची शाळा उर्दूत झाली. पोलीस ॲक्शननंतर ती मराठीत आली आणि मी अलिफ-बे सोडून पुन्हा ग म भ न गिरवलं. पुढं औरंगाबादला बी. एस्सी. झालो, प्राणिशास्त्र घेऊन. आमच्या सगळ्या घरांत पहिला. हे मी मिरवून सांगतो, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. कॉलेजच्या सहलीत रत्नागिरीला समुद्र पाहिला आणि त्याच्या पाण्याची एक बाटली भरून, बुचावर लाख लावून आईला आणून दिली. आईनं ती देवाजवळ ठेवली.

नोकरी लागली ती लोहाऱ्याकडच्या एका खाजगी हायस्कुलात, शास्त्राचा शिक्षक म्हणून. मॅट्रिकच्या वर्गाला शास्त्र शिकवायचं हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. त्यासाठीच तर शिकलो होतो. पहिल्या दिवशी हेडमास्तरांनी वेळापत्रक दिलं. पाचवीचं शुद्धलेखन, सहावीची कवायत आणि शास्त्राच्या खोलीतली माशांची टाकी. मॅट्रिकचं शास्त्र इंटरला नापास झालेल्या एका वयस्क शिक्षकांकडं होतं.

"सर, मी बी. एस्सी. आहे," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. म्हणून तर टाकी दिली," हेडमास्तर हसले. "तुमचं काय, घरचंच काम!"

शिक्षकांच्या खोलीत बाकीचेही हसले. त्या दिवसापासून माझं नाव भोई मास्तर पडलं.

टाकी संस्थेच्या अध्यक्षांनी शाळेला दिलेली होती. अध्यक्ष किराणा-भुसारचे मोठे व्यापारी. घरी कानडी, दुकानात मराठी आणि मनात आलं की दोन्ही. मी टाकी घासली, तेरणेची वाळू धुऊन तळाला घातली. वडील स्वतः मासे घेऊन आले. घागरीला ओलं फडकं बांधून, दोन एस.टी. बदलून. बोटभर मळव्या, दांड्या आणि एक मरळीचं पिल्लू. "पोरास्नी बघाया देतो, खाया न्हाय," ते शिपायाला बजावून गेले. आयुष्यभरात त्यांनी जिवंत मासा कुणाला नुसता पाहायला दिला असेल तर तो तेवढाच.

गणपतीच्या सुमारास अध्यक्ष मुंबईला जाऊन आले आणि तिथलं मत्स्यालय बघून आले. आल्या आल्या शाळेत हजर.

"येन्री मास्तर, हे असले मासे तर आमच्या विहिरीतबी हायत. समुद्राचे पायजेत. रंगीत! तपासणीला साहेब येणार हायत, त्यांनी तोंडात बोट घातलं पायजे."

"समुद्राच्या माशाला खारं पाणी लागतं. टाकी बदलावी लागेल. वेळ लागेल," मी म्हणालो. आणि तोंडावरच विचारलं, "करून दाखवलं तर मॅट्रिकचं शास्त्र मला द्याल?"

हेडमास्तरांनी डोळे वटारले. अध्यक्ष व्यापारी माणूस, त्यांना सौदा लगेच कळला. "समुद्र दावा, वर्ग घ्या!"

दोन दिवसांनी मी शाळेत आलो तो शास्त्राच्या खोलीपुढं मुलांची गर्दी. आत टाकीतलं पाणी गढूळ पांढरं झालेलं, तळाशी न विरघळलेल्या मिठाचा ढीग आणि वर सगळे मासे उताणे. शेजारी अध्यक्षांच्या दुकानचं मिठाचं रिकामं पोतं. हेडमास्तरांनी शिपायाकडून आदल्या संध्याकाळी ते टाकीत ओतून घेतलं होतं.

"तुम्ही वेळ लागेल म्हणालात," हेडमास्तर म्हणाले. "मीठ टाकलं की झालं खारं पाणी. त्यात कसला आलाय वेळ?"

"सर, यात जीव होते."

"मासेच होते हो!"

चित्रकलेचे शिक्षक दारातून डोकावले. "मास्तर, डबा आणलाय ना? कालवण तयार आहे!"

त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. जाऊ नये असंच मला वाटतं. मी मासे फडक्यात गुंडाळून शाळेमागं पुरले. रविवारी तेरला जाऊन वडलांना सांगितलं. ते जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "मीठ आमी मेल्याव लावतो. तुमच्या शाळंत जित्या माशाला लावत्यात व्हय?"

मी उठून आत गेलो. आईकडं ती बाटली मागितली.

"कशापायी?" आई म्हणाली. "मला तीर्थ घिऊ दिलं न्हाईस, लाख फोडू दिली न्हाईस. आन् आता शाळंला पायजे?"

"मोजायला पाहिजे. परत आणतो."

शाळेच्या कपाटात दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी होती, लॅक्टोमीटर. पाणी जेवढं जड तेवढी ती वर तरंगते. बाटलीतलं समुद्राचं पाणी एका उंच बरणीत ओतून मी नळी त्यात सोडली आणि ती जिथवर वर राहिली तिथं तिला लाल दोरा बांधला. आता टाकीतल्या पाण्यात दोरा बरोबर पाण्याच्या पातळीला आला पाहिजे. दोरा बुडाला तर पाणी अळणी, वर राहिला तर जास्त खारट.

टाकी पुन्हा रिकामी केली. वाळू उकळून घेतली. मीठ अध्यक्षांच्याच दुकानचं, जाडं. पण समुद्र म्हणजे नुसतं मीठ नव्हे, हे हेडमास्तरांना माहीत नव्हतं आणि मला पुस्तकातलं कोष्टक पाठ होतं. दवाखान्यातून जुलाबाचं मीठ आणलं, वाण्याकडून खायचा सोडा, आणि प्रयोगशाळेच्या बाटल्यांतून उरलेले क्षार घेतले. सगळं वेगवेगळं विरघळवून थोडं थोडं घातलं. हवा सोडायला गावात वीज धड नव्हती, म्हणून बैलगाडीच्या टायरची जुनी ट्यूब मागून आणली. सायकलच्या पंपानं ती भरायची आणि बारीक रबरी नळीनं तिची हवा टाकीच्या तळाशी बुडबुड सोडायची. पंप मारायला मुलांची भांडणं लागायची. दिवाळीपर्यंत पाणी काचेसारखं नितळ झालं आणि दोरा जागेवर आला.

दिवाळीच्या सुट्टीत मी सोलापूर, कोल्हापूर करत रत्नागिरी गाठली. ओहोटीला खडकांवर हिंडून शंखांत राहणारे लहान खेकडे, खडकाला चिकटलेले समुद्रफूल नावाचे जीव आणि डबक्यांतले करडे-पट्टेरी मासे गोळा केले. तिथला एक कोळी माझा हात कसा चालतो ते बघत होता. "कोणाचे तुम्ही?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे गोड्या पाण्यातले आमचेच की," तो म्हणाला आणि दोन मासे आपल्या हातानं माझ्या डब्यात टाकले.

येताना उघड्या तोंडाचे दोन पत्र्याचे डबे मांडीजवळ. डब्यातल्या माशांना हवा द्यायची तर पाणी हातानं सतत हलवावं लागतं, वरून थोपटावं लागतं. हे मला कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं. लहानपणी पाण्यात पाय घालायची बंदी होती, हात घालायची नव्हती. कोल्हापूर सोडल्यावर कंडक्टर जवळ आला.

"काय पाव्हणं, ताक घुसळताय का? आमास्नीबी वाटीभर द्या."

"मासे आहेत. जिवंत."

"मग टपावर टाका."

"टपावर मरतील. डबे आत राहतील, नाहीतर तुम्ही मलाच टपावर बसवा."

सगळी गाडी हसली, पण डबे आत राहिले. सोलापूरपर्यंत माझे दोन्ही हात पालीच्या पोटासारखे पांढरे पडले होते.

काही मासे वाटेत गेले. खेकडे आणि समुद्रफुलं मात्र सगळी तगली. टाकीत सोडल्यावर समुद्रफुलं हळूहळू उमलली, तेव्हा कधी पाझर तलावापलीकडं पाणी न पाहिलेली ती मुलं एकदम गप्प झाली. एवढं गप्प मी त्यांना कवायतीतही केलं नव्हतं.

आणि मग नवंच सुरू झालं.

पौषात खेकडे शंखाबाहेर यायला लागले. समुद्रफुलं मिटून गोळा झाली. पाण्याची पातळी मी काचेवर रंगवलेल्या रेघेला अगदी बरोबर होती, त्यामुळं मला काही कळेना. नळी सोडली तर लाल दोरा पार पाण्याखाली. पाणी अळणी झालं होतं! पण रेघ तर हलली नव्हती. मग मीठ गेलं कुठं?

उत्तर अमावास्येला मिळालं. शाळेला सुट्टी होती. मी खेकडे बघायला म्हणून सहज गेलो तर शास्त्राच्या खोलीपासून फाटकापर्यंत बायकांची रांग. हातात पंचपात्री, गडवे. गावात बोभाटा झाला होता की शाळेत समुद्र आलाय. एकेक बाई पुढं जायची, पंचपात्रीभर पाणी काढून घ्यायची, आणि तीर्थाचं भांडं रितं करू नये म्हणून तेवढंच विहिरीचं स्वच्छ पाणी गडव्यातून टाकीत घालायची. भक्तिभावानं, मापात, एक थेंब कमी नाही की जास्त नाही. शिपाई उभा राहून रांग लावत होता. रांगेत हेडमास्तरांच्या बाईही होत्या आणि शेजारी स्वतः हेडमास्तर.

"हे काय चाललंय?" मी ओरडलोच.

"हळू बोला, मास्तर. लोकांची श्रद्धा आहे," हेडमास्तर म्हणाले.

"श्रद्धा? सर, हे पाणी समुद्राचं नाही. मी केलंय. याच्यात आपल्या अध्यक्षांच्या दुकानचं मीठ आहे. आणि बायांनो, तुम्हीही ऐका, याच्यात दवाखान्यातलं जुलाबाचं मीठ आहे!"

हेडमास्तरांच्या बाईंचा हात तोंडाजवळ थांबला. रांगेत कुजबुज झाली. पुढची एक म्हातारी मात्र हलली नाही.

"जुलाबाचं हाय म्हनता? मग लईच चांगलं की. माजं पोट चार दिसांपासून साफ न्हाय. घाला आनखी एक पळी."

रांग हसली, मला हसू आलं नाही. पोतं ओतून मासे मारले ते अज्ञानानं, असं एक वेळ म्हणता येईल. पण हेडमास्तर तिथं उभे राहून, मला न विचारता, दर सुट्टीला हे होऊ देत होते. मी कितीदा सांगितलं होतं की टाकीला हात लावायचा नाही! माझ्या जागी कुणी दुसऱ्या घरचा बी. एस्सी. असता तर त्याचं ऐकलं असतं. हे मी त्यांना तिथंच, सगळ्यांपुढं बोललो. ते लाल झाले. तेवढ्यात त्यांच्या बाईच म्हणाल्या, "अहो, त्यांचं चुकतंय का काही? आधी सांगायला नको का आम्हाला?"

दुसऱ्या दिवशी मी टाकीवर लाकडी झाकण बसवलं आणि कुलूप घातलं. फाटकाजवळ एक पितळी हंडा ठेवला, त्यात स्वच्छ पाण्यात साधं मीठ. ज्याला तीर्थ हवं त्यानं इथून घ्यावं आणि गडव्यातलं पाणी लिंबाच्या बुडाला घालावं. शास्त्राच्या मास्तरानं मिठाच्या पाण्याचं तीर्थ मांडावं याचीही मला चीड आली. पण खेकडे वाचवायचे होते. दोरा पुन्हा जागेवर आणायला मला आठवडा लागला, घाईनं मीठ घातलं असतं तर ते मेले असते. म्हातारी पुढं बरेच दिवस येत होती. तिला साध्या मिठाचं कौतुक नव्हतं. "त्या पयल्या पान्यात गुन व्हता, मास्तर," म्हणायची.

तपासणीला साहेब आले. टाकीपुढं बराच वेळ उभे राहिले. अध्यक्ष म्हणाले, "हे आम्ही केलं." हेडमास्तरांनी मला पुढं केलं. "हे आमचे भोई मास्तर. मासे यांच्या रक्तातच आहेत."

"साहेब, रक्तात नाहीत," मी म्हणालो. "मी प्राणिशास्त्राचा बी. एस्सी. आहे. रक्तात असतं तर माझ्या वडलांना गाळात उभं राहावं लागलं नसतं." मग मी नळी पाण्यात सोडून दोरा दाखवला, प्रत्येक क्षार कशासाठी घातला ते सांगितलं आणि ट्यूबची हवा दाखवली. साहेबांनी विचारलं, "मॅट्रिकला शास्त्र तुम्हीच शिकवता ना?"

मी अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्षांनी हेडमास्तरांकडं पाहिलं.

बरणीतलं समुद्राचं पाणी मी टाकीतच घातलं होतं, म्हणून बाटली टाकीतल्या पाण्यानं भरून आईला परत दिली. तिनं माझ्यासमोर बूच काढून पळीभर घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

त्या जूनमध्ये मॅट्रिकच्या वर्गाचं शास्त्र मला मिळालं. मी त्या शाळेत असेपर्यंत ते माझ्याकडंच राहिलं, आणि टाकीतलं पाणी खारं राहिलं.