पप्पांनी मागे घेतलेली सही

दर शनिवारी संध्याकाळी पप्पा आमची माफी मागायचे. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये उपासनेला जायचं म्हणून मम्मी कपड्यांना इस्त्री करत असायची आणि पप्पा मला नि माझ्या मोठ्या भावाला, दानीएलला, समोर बसवायचे. “मंगळवारी तुझं ऐकून न घेता ओरडलो, रूथ. चुकलो.” एवढंच. पुढे ‘पण तूसुद्धा’ वगैरे काही नाही. मग आमची पाळी. साजगावच्या आमच्या चाळीत दुसऱ्या कुणाचे वडील असं करत नव्हते. मैत्रिणींना सांगायची मला लाज वाटायची.

पप्पांचं नाव योहान साळवे. गावाजवळच्याच एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. पाचला येतो म्हणाले की पावणेपाचला दारात हजर. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाळी संपवून तसेच यायचे, हाताला ग्रीस, आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. “पोरांना बाप शोधायला लागता कामा नये,” असं त्यांचं म्हणणं.

मी दहावीत असताना कारखान्यात अपघात झाला. गणपत नावाचा डोंगराकडच्या वाडीतला कामगार प्रेस मशीनवर होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मशीनपुढची सुरक्षा जाळी आठवडाभरापूर्वीच काढली होती. माल लवकर निघावा म्हणून मॅनेजरनेच काढायला लावली होती, आणि हे पप्पांना माहीत होतं. मॅनेजरने कागद पुढे केला: जाळी गणपतने स्वतःच काढली. दानीएल तेव्हा आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला याच कारखान्यात शिकाऊ म्हणून घेण्याचं कबूल झालं होतं. “मुलाचं आपण बघतोय ना, साळवे?” मॅनेजर म्हणाला. पप्पांनी सही केली.

त्या शनिवारी ते आमच्यासमोर बसले आणि मम्मीलाही जवळ बोलावलं. मम्मीने इस्त्री बंद केली.

“मी खोटं लिहून दिलंय,” ते म्हणाले. “एका माणसाची बोटं गेली आणि दोष मी त्याच्यावरच टाकला. दानीएलसाठी केलं, असं मनाला सांगत होतो. पण सही माझी आहे. सोमवारी जाऊन ती मागे घेणार.”

दानीएल ताडकन उठला. “मग माझं काय?”

“तुझं नुकसान होईल.”

“आणि तरी जाणार?”

पप्पांनी होकाराची मान हलवली.  बापाला घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

सोमवारी त्यांनी मॅनेजरला सांगितलं आणि गुरुवारपासून त्यांना गेटच्या आत घेणं बंद झालं. महिन्याभराने खालापूरला सरकारी कचेरीत अपघाताची चौकशी होती. पप्पा दोन दिवस धड जेवले नव्हते, म्हणून मम्मीने मला सोबत धाडलं. पप्पांनी तिथल्या साहेबांपुढे सगळं सांगितलं, आपली खोटी सहीसुद्धा. मग गणपतला विचारलं. तो हाताचं बँडेज शर्टाखाली लपवत म्हणाला, “जाळी मीच काढली साहेब. साळवेसाहेबांची कायतरी चूक झाली आसंल.”

चौकशी तिथेच मिटली.

बाहेर आल्यावर गणपत आमच्या मागोमाग आला. “तुमी खरं बोललात, मला ठावं हाय,” तो खाली बघत म्हणाला. “पन माज्या भावाला घेतलाय कामाला. शिकाऊच्या जागेवर. आता घर त्याच्यावरच हाय. मी काय करू, सांगा.”

ती जागा दानीएलची होती. मला वाटलं, पप्पा आता काहीतरी बोलतील. त्यांनी विचारलं, “टाके काढले का रं? दुखतंय अजून?” मग स्टँडजवळ त्याला चहा पाजला. गणपतला डाव्या हाताने कप नीट धरता येईना, तेव्हा पप्पांनी बशीत ओतून दिला.

एसटीत मी रडले. “काय उपयोग झाला, पप्पा?”

“उपयोग झाला असता तर बरं वाटलं असतं गं,” ते म्हणाले. 

घरी दानीएलने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुमच्या खरेपणाचं कुणालाच काही पडलेलं नाही. ज्याच्यासाठी गेलात त्यालासुद्धा.” पप्पा त्याला म्हणाले, “पहिली सही केली, त्याबद्दल तुझी माफी मागतो. ती मागे घेतली, त्याबद्दल नाही मागणार.” आठवडाभरात दानीएल पुण्याला मामाकडे निघून गेला.

पप्पा नंतर कर्जतजवळ एका फार्महाऊसवर राखणदार झाले. गेटवर खुर्ची टाकून बसलेले वडील बघताना मला दानीएलचा राग यायचा आणि कधी कधी, खरं सांगते, पप्पांचाही. दानीएल नाताळला यायचा, मम्मीशी बोलायचा, पप्पांच्या प्रश्नांना हो-नाही म्हणायचा. अशी नऊ वर्षं गेली. पप्पा त्याच्याशी बोलायचं थांबले नाहीत आणि त्याच्यापुढे झुकलेही नाहीत.

गेल्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. गणपत अंत्यविधीला आला नाही. त्याच्यापर्यंत निरोप पोचला की नाही, कोण जाणे. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, घरच्यांपैकी कुणी बोलणार का? मी उठणार तेवढ्यात दानीएल उभा राहिला. पुढे जाऊन शवपेटीपाशी थांबला.  मंडळी चुळबुळ करू लागली.

“माझे वडील एकदा खोटं बोलले होते,” तो शेवटी म्हणाला. “मला हे दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. त्यांनीच सांगितलं.”

  तो परत येऊन मम्मीशेजारी बसला.