चिंचेखालचा परवाना

माणिकबाईच्या पायाला भिंगरी आहे, हे अमरावती ते अकोला सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. दारू गाळणाऱ्या कलाराची लेक, कलाराच्याच घरी दिलेली. पण एका गुत्त्यात बूड टेकून बसणं तिला जमेचना. त्यात सातासमुद्रापार कुठं तरी लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली. माणिकबाईनं संसार बैलगाडीत घातला अन् गाडीवानांच्या तांड्यामागं निघाली. तांडा थांबला की बैल सोडायचे, तीन दगडांची चूल मांडायची, भाकरी थापायच्या. सोबत झुणका, ठेचा आणि दोन मडकी मोहाची दारू. गाडीवान म्हणत, माणिकबाई आली म्हणजे मुक्काम आला.

तिचा नवरा भगवंतराव गाडीत मागं बसून कांदे चिरायचा. बैलाच्या लाथेनं त्याचा गुडघा कायमचा गेला होता. हिसका बसला की तो कळवळायचा, आणि डोक्यावर एक छप्पर असावं म्हणून सारखं टुमणं लावायचा.

मग इंग्रजी अंमलाचा कायदा आला: परवान्याशिवाय दारू विकायची नाही. माणिकबाई कचेरीत गेली. कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "परवाना जागेला असतो बाई, चाकाला नाही. दुकान कुठं ते सांगा, येऊन पाहीन."

तिनं मूर्तिजापूरच्या अलीकडची मोठी चिंच सांगून टाकली. आणि कारकून यायला निघाला कधी, तर ऐन पोळ्याला! कोकणाकडचा माणूस, त्याला काय ठाऊक की त्या दिवशी वऱ्हाडात कोणी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही? बैल शिंगं रंगवून, झूल पांघरून मिरवत होते आणि गाडी चिंचेखाली जमिनीत रुतल्यागत उभी होती.

"हे इथंच असतं?"

"हेच दुकान जी," माणिकबाई म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली.

कागद हाती आला. बाई गावभर सांगत सुटली, साहेबाच्या कारकुनाले गुंडाळलं म्हणून. अहो, पण कागद वाचता कुणाला येत होता? दिवाळी झाली, कापूस निघाला, आणि पहिल्याच मुक्कामावर शिपायानं गाडी अडवली. कागदावर चिंच लिहिलेली, आणि चिंच तर राहिली चार कोस मागं! त्यानं दोन्ही मडकी फोडली आणि बजावलं, "पुन्हा हलताना दिसली, तर बैलांसकट गाडी जप्त."

गाडी जप्त! घर तीच, चूलही तीच.

"चाकंच काढू," भगवंतराव म्हणाला. "मंग कोन म्हनन हलली?"

गाडी चिंचेखाली परत आणून दगडांवर चढवली, चाकं खोडाला टेकवली, दारूची दोन नवी मडकी मांडली. भगवंतरावाला हवं होतं ते छप्पर मिळालं. आणि माणिकबाईला? तिला तिथं क्षणभर चैन पडेना. भाकर तव्यावर टाकायची आणि रस्त्यापर्यंत जाऊन यायची. तांडा निघाला की धूळ दिसेनाशी होईपर्यंत उभी. भाकर करपायची. जागच्या जागी येरझारा घालून चिंचेभोवती वाट पडली. तिचा जीव नुसता तगमगत होता, आणि नवऱ्याचा आनंद पाहून ती गप्प बसायची.

दोन हंगाम असे गेले. तिसऱ्याला आगगाडी आली. कापूस रुळांवरून जायला लागला आणि तो रस्ता ओस पडला. दिवसभरात चिंचेखाली एखादा वाटसरू, तोही पाणी मागायला.

एकदा अय्युब गाडीवान विकत घ्यायला बैल शोधत तिथं आला. जुनं गिऱ्हाईक. म्हणाला, "भाभी, यहाँ बैठके क्या करतीस? आमी सारे आता मोर्शीकडून बडनेऱ्याच्या टेशनावर कापूस टाकून राह्यलो. रस्त्यात कोनी भाकर देत नाई. सुकं पीठ फाकून पानी पितो."

ती आतून पेटली. पण मोर्शीच्या वाटेला परवाना नव्हता, आणि दारूसकट हलावं तर गाडी जाणार. म्हणजे दारू सोडायची. पिढीजात धंदा सोडायचा! आणि नवऱ्याचं छप्पर काढायचं, ते वेगळंच. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी भगवंतरावाला काही न सांगता ती कचेरीत गेली आणि परवाना कारकुनापुढं ठेवला.

"लोक हा मिळावा म्हणून पाया पडतात," तो म्हणाला.

"पडू द्या त्याइले. मले पाय चालाले पाह्यजेत."

परतताना मात्र तिची पावलं जड झाली. त्याला काय तोंड दाखवू? एवढ्याशा सावलीत सुखावलेल्या माणसाला पुन्हा हिसक्यांवर कसं बसवू?

चिंच दिसली तशी ती थबकली. दोन्ही मडकी रिकामी करून उपडी घातलेली. भगवंतराव दुखरा पाय लांब पसरून जमिनीवर बसला होता, हात कोपरापर्यंत वंगणानं काळे, आणि एक चाक आसापर्यंत लोटत आणलेलं. पुढं मात्र त्याला ते उचलवत नव्हतं.

"तुमाले कोनं सांगतलं?" तिनं डोळ्याला पदर लावत विचारलं.

"कोनं सांगाले पाह्यजे? अय्युबचं बोलनं म्याबी आयकलं. दोन वर्सं तुही येरझार पाहून राह्यलो. मले छप्पर पाह्यजे होतं वं, पन तू हरवलेली नोती पाह्यजे." त्यानं हात चाकाला पुसले. "आता रडू नको. धर तिकडून, चाक जड हाय."

तिनं पदर खोचला आणि चाक धरलं.