शेंबडीची सर्दी

वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळमजल्यावरच्या लांबट खोलीत सव्वीस वर्षं जंतू पोसणाऱ्या बाईंना सगळे ‘प्लेटवाल्या बाई’ म्हणत. काचेच्या चपट्या बशांत गरम अगर, म्हणजे जंतूंच्या खाण्याची खळ, ओतायचं, ते थिजलं की तारेनं त्यावर जंतू रेघायचे आणि बशा उबेच्या कपाटात ठेवायच्या, हे त्यांचं काम. ऐट मिरवायच्या त्या एकाच गोष्टीची: माझ्या हातून भेसळ होत नाही, एका जंतूत दुसरा शिरत नाही.

फ्रिजमधल्या नळ्यांत त्यांची एक लाडकी होती. न्यूमोनियाचा जंतू. प्लेटवर त्याचे ठिपके इतके ओले नि चिकट वाढत, की तार टेकवून वर उचलली तर बोटभर लाळ लोंबे. म्हणून बाईंनी तिचं नाव ठेवलं शेंबडी. हा शेंबूड म्हणजे जंतूचं कवच. रक्तातल्या पहारेकरी पेशी गिळायला आल्या, की या बुळबुळीत कवचामुळे जंतू त्यांच्या तावडीतून निसटतो. काळ्या शाईत पाहिलं की प्रत्येक जंतूभोवती पांढरं वलय दिसे, आणि दर वर्षी विद्यार्थी ते शेंबडीवरच शिकत.

यंदा परीक्षा तोंडावर आली आणि नव्या विभागप्रमुख सरांनी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं.

“बाई, वलय कुठंय?”

बाईंनी पाहिलं. शाईत नुसते उघडेबोडके, काडीसारखे जंतू. प्लेटवरचे ठिपकेही बारीक, कोरडे.

“भेसळ झालीय. टाकून द्या, नवा जंतू मागवू.”

“भेसळ नाही हो सर.”

“मग काय, अंगरखा धुवायला दिलाय?”

बाईंनी बुधवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “शेंबडीची सर्दी बरी झाली, तर तू का तोंड पाडून बसलीस?”

“हसा तुम्ही. निवृत्त होता होता भेसळवाली म्हणून नाव लागणार माझं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळख पटवायच्या सगळ्या चाचण्या लावल्या. जंतू तोच निघाला. म्हणजे अंग तेच, कवच तेवढं गेलेलं. पण का? नळ्यांवरच्या, स्वतःच्याच अक्षरातल्या तारखा वाचल्या तेव्हा उलगडा झाला. पूर्वी त्या शेंबडीला तीन महिन्यांनी नव्या नळीत हलवत. वर्षभरापूर्वी फ्रिज कुरकुरायला लागला, तेव्हापासून काळजीपोटी दर आठवड्याला ताज्या, सकस अगरावर.

कवच विणायला जंतूला पदरची साखर मोडावी लागते. आयतं सकस खायला मिळतंय, गिळायला कुणी येत नाही, तर विणायचं कशाला? काही जंतू कवच विणायचं बटण, दिव्याचं करावं तसं, नुसतं बंद करतात. काहींचं बटणच मोडतं, आणि विणायची कटकट नसल्यानं तेच भराभर वाढून बाकीच्यांना कोपऱ्यात ढकलतात. बंद बटण पुन्हा चालू होतं, मोडलेलं नाही. शेंबडीचं काय झालं होतं, ते प्लेटच सांगणार होती.

बाईंनी नवं अगर शिजवलं. साखर सढळ हातानं, मांसाचा अर्क चिमूटभर.

काचा धुणाऱ्या मावशींनी डोकावून पाहिलं. “उपाशी मारताय होय बिचारीला?”

“उपाशी नाही हो. गोड भरपूर, सकस कमी. मग उरलेल्या साखरेचं कवच विणतात.”

“आमच्या सासूबाई अश्शाच वाढायच्या. बोलणं गोड, ताट रिकामं.”

बुधवारी बाईंनी कपाट उघडलं. बहुतेक ठिपके कोरडेच होते. कडेला मात्र तीन ओले, चकाकणारे. तार टेकवली, उचलली. लाळ लोंबली. शाईत वलय दिसल्यावरच त्यांनी सरांना हाक मारली.

सर बराच वेळ पाहत राहिले. “आणि बाकीचे?”

“त्यांचं बटणच मोडलेलं दिसतंय. ते काही आता परत यायचे नाहीत.”

“म्हणजे भेसळ नव्हती.”

“नव्हती. पण चूक माझीच, सर. वरचेवर खाऊ घातलं.”

“मग नोंदीत काय लिहू?”

“तेच लिहा. भेसळ नाही, लाड झाले.”

सरांनी खरंच तसं लिहिलं. बाईंनी तीन ओले ठिपके तीन नळ्यांत उतरवले आणि कोरड्या ठिपक्यांची प्लेट जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात टाकायला स्वतः घेऊन गेल्या.