चुकांची वही

माझा भाऊ गेल्याचा निरोप मला मोखाड्याच्या शाळेत मिळाला. मी पाचवीला भागाकार शिकवत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, जव्हारवरून फोन आलाय. तुमचे दादा..." मी फळ्यावरचा भागाकार पुरा केला, मुलांना उतरवून घ्यायला सांगितलं आणि मगच एसटी स्टँडवर गेले. आता या गोष्टीला दोन महिने झाले. याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर पंधरा-सोळा वर्षं दर रविवारी दामूदादाचं शब्दकोडं यायचं, म्हणून संपादकांनी मला त्याच्या आठवणी लिहायला सांगितलं. "गोडच लिहायला हवं का?" मी विचारलं. ते हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतायत.

आम्ही सूर्यमाळच्या एका पाड्यावरचे. वडील लवकर गेले, आयने नागली आणि वरईवर आम्हा दोघांना वाढवलं. घरात आमची बोली. मराठी भेटायची ती शाळेत, तीही परक्यासारखी. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. पाचवीला त्याला जव्हारच्या वसतिगृहात टाकलं. तिथे पहिल्याच थंडीत त्याने गुरुजींना सांगितलं, "हीव लागतं." हीव म्हणजे थंडी, आमच्याकडे त्याला दुसरा शब्द नव्हता. अख्खा वर्ग हसला, गुरुजीही हसले, आणि पुढे वर्षभर पोरं त्याला 'ए हीव' अशीच हाक मारत राहिली. हे त्याने मला आयुष्यात एकदाच सांगितलं. त्यानंतर म्हणे त्याने वसतिगृहातला शब्दकोश पाठ करायला घेतला. वाचायला नव्हे, पाठ करायला.

आणि केलाही. कचेरीत कारकून म्हणून चिकटला तेव्हा साहेबसुद्धा मसुदा त्याच्याकडून तपासून घेत. नव्वदच्या आसपास त्याने कोडी रचायला सुरुवात केली. आलेखाच्या कागदावर आधी काळी घरं भरायची, मग सर्वांत लांब आडवा शब्द, मग त्याला छेदणारे उभे. शिसपेन्सिलीला ब्लेडने टोक काढायचं, सुरीने नाही. शुक्रवारी पाकीट नाशिकच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती जायचं. वाचनालयात दर दिवाळीला शब्दखेळांची स्पर्धा असायची. दहा अक्षरांतून जास्तीत जास्त शब्द, अर्थावरून शब्द, शेवटच्या अक्षरावरून शब्द. नऊ वर्षं पहिला नंबर त्याने कोणाला घेऊ दिला नाही. हरलेल्याचा हात तो हातात घ्यायचा आणि सगळ्यांसमोर त्याच्या चुका समजावून सांगायचा, अगदी शांतपणे. एकदा तर एक मास्तर रडले होते. लोक म्हणत, विद्वान माणूस आहे, स्वभाव असायचाच. विद्वानाला सगळं माफ असतं आपल्याकडे.

घरात मात्र त्याला रोजचा एकच स्पर्धक होता, आमची आय. लग्न झाल्यावर त्याने तिला पाड्यावरून जव्हारला आणलं. वहिनी कल्याणच्या, शिकलेल्या, स्वभावाने गरीब. आय तोंड उघडायची ते आमच्या बोलीत, आणि बाहेरच्या खोलीत पाहुणे असायचे. दादाने दोनशे पानी वही आणली, वर सुंदर अक्षरात लिहिलं 'चुकांची वही'. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे आयचा शब्द, उजवीकडे शुद्ध. संध्याकाळी तिला समोर बसवून दिवसभराचे शब्द म्हणवून घ्यायचा, दहा-दहा वेळा. आम्हीसुद्धा तिला 'आई' म्हणायचं असा हुकूम होता. त्याच्या मुलांच्या कानावर बोलीचा शब्द पडता कामा नये म्हणून ती त्यांच्याशी खेळताना तो पेपर घेऊन तिथेच बसायचा.

एका जानेवारीत मी सुट्टीला गेले होते, वहिनी मुलांना घेऊन माहेरी होत्या. आयला ताप भरला होता, ती खाटेवर कुडकुडत होती. "हीव लागलंय रं दामू, गोधडी दे," ती म्हणाली. दादाने गोधडी उचलली, तिच्या पायाशी उभा राहिला आणि म्हणाला, "थंडी म्हण, मग घालतो." तिने दोनदा प्रयत्न केला. दातांवर दात वाजत होते, शब्द पुरा होईना. तो गोधडी छातीशी धरून वाट बघत राहिला. मी उठले तशी त्याने नुसती मान हलवली, आणि मी बसले. खोटं कशाला सांगू, त्याला मीही घाबरायचे. शेवटी तिने म्हटलं. मग त्याने गोधडी घातली, नीट, चारी बाजूंनी खोचून... आणि शब्द वहीत लिहून ठेवला.

पुढे आय बोलायचीच थांबली. हो, नाही, आणि मान डोलावणं. शेजारणी म्हणत, किती शांत आहेत हो तुमच्या सासूबाई. मला एकदा मोरीत एकटीला गाठून तिने विचारलं होतं, "सुमे, माझं काय चुकलं गं?" आय गेली, तिच्या तेराव्याला मी कपाटातून ती वही उचलली आणि मोखाड्याला घेऊन आले. दादाने शोधली असणार. विचारलं कधीच नाही.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. महिन्याभराने वाचा थोडी परतली, पण जी परतली ती आमची बोली होती. मराठीचा एक शब्द उरला नाही. डॉक्टर म्हणाले, काहींच्या बाबतीत असं होतं, सर्वांत आधी शिकलेलं तेवढंच मागे राहतं. नऊ वर्षं पहिला येणारा माणूस खाटेवर पडून पेज मागत होता, आय कठं गेली म्हणून विचारत होता, आणि त्या घरात त्याचं कोणालाच कळत नव्हतं. मुलांना त्याने शिकू दिलं नव्हतं, वहिनींना येत नव्हतं. करावं तसं भरावं म्हणतात. मला आनंद झाला. हे मी इथे लिहिते आहे कारण दुसरीकडे कुठे कबूल करू, ते मला माहीत नाही.

वहिनी फोनवर म्हणायच्या, "वन्सं, तुम्ही येऊन राहा ना चार दिवस. यांचं बोलणं तुम्हालाच कळेल." मी शाळेचं कारण सांगायचे. वही ट्रंकेत होती. ती नुसती पाठवून दिली असती तरी चाललं असतं; डावीकडे त्याचे आताचे शब्द होते, उजवीकडे वहिनींना कळणारे. त्यानेच, त्याच्याच हाताने, स्वतःसाठी कोश करून ठेवला होता. मी पाठवला नाही.

शेवटचं भेटायला गेले तो रविवार होता. त्याला ताप होता. वहिनी स्वयंपाकघरात चहा ठेवत होत्या. मला बघून त्याने डावा हात थोडा उचलला आणि म्हणाला, "सुमे, हीव." ओठ निळसर झाले होते. गोधडी पायाशी घडी करून ठेवली होती. मी ती उचलली. छातीशी धरली. आणि म्हणाले, "थंडी म्हण, दादा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं आठवत होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्याने तोंड उघडलं, जीभ हलवली, पुन्हा "हीव"च आलं. मी वाट बघितली. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या, आणि मी गोधडी होती तिथे ठेवून दिली. मोखाड्याची गाडी चुकेल म्हणाले आणि निघाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण मी दादाला लावायचे. पीळ आमच्या घराण्याचाच निघाला. बुधवारी शिपाई दारात आला.

तेराव्याला माणसं पांगल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. "वन्सं, शेवटचे तीन दिवस ते एकच शब्द म्हणत होते, हीव, हीव. मी पाणी दिलं, चहा दिला, देवाचं नाव असेल म्हणून दिवा लावला. अंग तर नुसतं तापलं होतं, म्हणून पांघरूण काढलं, पंखा लावला, ओल्या फडक्याने पुसत राहिले. काय मागत होते हो?"

मी म्हणाले, "मला नाही माहीत, वहिनी."

वही आता माझ्यासमोर उघडी आहे. दादाचं अक्षर खरंच मोत्यासारखं होतं. आयचा आवाज जगात कुठे शिल्लक असेल तर तो याच्या डाव्या बाजूला आहे, आणि तो जपून ठेवला तो तिला गप्प करणाऱ्याने. वहिनी अजून ही पुरवणी घेतात, आधी शेवटचं पान उघडतात, कोडं दुसऱ्याचं असलं तरी सोडवतात. म्हणजे हे त्यांच्या वाचनात येईल. वही मी उद्याच्या जव्हारच्या गाडीने पाठवते आहे. वहिनी, एकेचाळिसावं पान काढा, वरून तिसरी ओळ. तुमचा काही दोष नव्हता, तुम्हाला शब्द माहीत नव्हता. मला माहीत होता.