सलीमभाईंच्या सीडीवरची फाईल

मित्रांनो, आज दुपारी नसरापूरच्या सायबर कॅफेत घडलेलं सांगतो.

भोर-वेल्ह्यात मराठी टायपिंगचं पॅकेज हवं असलं, की कॅफेवाले सलीमभाई आपल्या मशीनवरून सीडी काढून देतात. मीही नेली होती. आज त्या फाईलचा हॅश काढला. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

बनवणाऱ्यांच्या साइटवरच्या हॅशशी तो जुळला नाही. फाईलचं नाव तेच, साइजही तीच.

“नेटवरनंच खराब आली आसंल,” सलीमभाई म्हणाले. मग त्यांनी फाईल नेटवरून उतरवली त्याच दिवशी काढलेली, कपाटातली सगळ्यात जुनी सीडी दिली. तिचा हॅश तंतोतंत जुळला.

ते खुर्चीत बसले. “म्हंजी हितंच बदलली. माज्या दुकानात. आन् म्या ती गावभर वाटली.”

टायपिंगचं पॅकेज बदललेलं असलं, की टाइप केलेलं प्रत्येक अक्षर बदलणाऱ्याकडे जाऊ शकतं. शेजारच्या मशीनवर एक मुलगी पासवर्ड टाकत होती. त्यांनी उठून मेन स्विचच बंद केला.

आपण फाईल तपासत नाही, देणाऱ्याचा चेहरा तपासतो. चेहरा प्रामाणिकच होता. त्याच्याआड कुणीतरी काम साधलं.

ती सीडी तुमच्याकडे आहे? हॅश जुळवा. जुळला नाही तर इथे ग्रुपवर लिहू नका, भेटून सांगा. सलीमभाई आपल्या मशीनवर फक्त या ग्रुपमधल्यांनाच बसू देतात, म्हणजे फाईल बदलणारा आपल्यातलाच आहे. तो हे वाचत असेल. वाचू दे.